शेजारचा अर्धा तास

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला शाळेचा अहवाल येई आणि वृषाली म्हेत्रे दुपारी चारपासूनच त्याची वाट पाहू लागे. मागावर बसलेली असली तरी तिचं अर्धं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे असे. मग पैठणीच्या पदरावरच्या एखाद्या मोराची मान वाकडी विणली जाई, ती उसवावी लागे, आणि शेजारी बसलेला नवरा नितेश म्हणे, "आज शनिवार आहे वाटतं."

त्या शनिवारी अहवालात एकेचाळीस पिवळे ठिपके होते. मागच्या आठवड्यात एकोणतीस होते, त्याच्या मागच्या आठवड्यात अठरा. वृषालीने पडद्यावर बोट ठेवून ते दोनदा मोजले. खाली यंत्राने आकडा दिलेला होताच, पण यंत्र चुकलं असेल अशी आशा माणूस सोडत नाही.

"किती?" नितेशने विचारलं.

"एकेचाळीस."

"वाढू राहिले."

"दिसतंय मला वाढू राहिले ते! तुम्ही तेवढं सांगू नका."

अकरा वर्षांची किमया उंबऱ्यावर बसून भेळ खात होती. तिने आईकडे पाहिलं, मग भेळेकडे पाहिलं, आणि कागदातला शेवटचा शेंगदाणा शोधू लागली. जिच्यामुळे घराच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ती इतकी निवांत कशी, हे वृषालीला कळेना.

हे ठिपके द्यायची 'उमज'. येवल्यातल्या त्यांच्या शाळेत ही प्रणाली येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. प्रत्येक मुलाला घरी नेण्यासाठी एक पाटी मिळे: वर पडदा, खाली कळा. मूल त्यावर संगणकाला सूचना लिहायला शिके आणि शिकता शिकता यंत्र त्या मुलाला शिकून घेई.

त्यामागची कल्पना तशी साधी होती. जे येतं ते करताना बोटं एका चालीत चालतात. स्वतःचं नाव लिहिताना कुणी अडखळत नाही. कळीवर बोट किती वेळ टेकलं, किती जोराने टेकलं, एका कळीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागला, कुठे थांबलं, या सगळ्याची नोंद ठेवायची. लाखो मुलांच्या अशा नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या. मग उत्तर बरोबर की चूक, याच्या पलीकडचं दिसू लागतं. मुलाला ते खरंच समजलंय की नुसतं पाठ झालंय, तेही कळतं. नव्या गोष्टीपाशी थांबलेलं बोट विचार करत असतं. त्याला यंत्र नावं ठेवत नसे. पण एक ओळ झरझर लिहून झाल्यावर, पुढची अगदी सोपी असताना थांबलेलं बोट म्हणजे गोंधळ. तिथे पिवळा ठिपका. अशा थांबण्या-चालण्यातून यंत्र प्रत्येक मुलाचा एक नकाशा तयार करी, आणि तो इतका नेमका असे की कळांवर बोटं कुणाची आहेत हेसुद्धा यंत्र त्यावरून सांगे. जिन्यावरच्या पावलांवरून घरचं कोण आलं ते आपण ओळखतो, त्यातलाच प्रकार.

यंत्राला डोळे आणि कान मात्र नव्हते. सुरुवातीला होते. पण घरात कोण भांडतं, कोण काय जेवतं हे शाळेला कशाला कळायला हवं, म्हणून पालकांनी गहजब केला, कायदा झाला, आणि घरी जाणाऱ्या पाट्यांमधला कॅमेरा आणि माइक काढून टाकण्यात आला. त्यानंतर यंत्राला घरातली फक्त बोटं कळत. बाकीचं घर त्याच्या दृष्टीने नव्हतंच.

घरच्या माणसाची गरज मात्र होती. शेजारी कुणी आपलं बसलं की मुलं संगणक लवकर शिकतात, असं पाहणीत दिसलं होतं म्हणे. म्हणून रोज अर्धा तास आई किंवा बाप, कुणीतरी शेजारी बसलंच पाहिजे असा नियम निघाला. पाटीच्या उजव्या कडेला एक छोटी काच होती. अर्धा तास तिच्यावर पालकाचा अंगठा हवा, नाहीतर तो अभ्यास धरला जात नसे. 'तुम्हाला संगणक येत नसला तरी चालेल, मुलाला हात लावू नका, उत्तर सांगू नका, मध्ये बोलू नका, फक्त शेजारी बसा आणि रस घ्या,' असं पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं. रेशमाने आणि जरीने वृषालीच्या अंगठ्याच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की काचेला तो अंगठाच वाटत नसे. ती रोज खोबरेल चोळून बसे.

एवढ्या धडपडीला कारण होतं. सहावीच्या शेवटी मुलांचे दोन गट पडत. रचनागटातली मुलं यंत्रांना काय करायचं ते सांगायला शिकत. वापरगटातली मुलं यंत्र सांगेल ते नीट करायला शिकत. दोन्ही गटांचा मान सारखाच आहे, असं पत्रकात लिहिलं होतं, आणि ते लिहिणाऱ्याची स्वतःची मुलं कुठल्या गटात होती ते लिहायचं राहून गेलं होतं. निवड नकाशावरून होई. एकदा झाली की बदलत नसे. आणि सहावी संपायला पाच आठवडे उरले होते.

वृषालीला ही भीती नवी नव्हती. साथीच्या वर्षी, शाळा बंद पडून फोनवर भरू लागल्या तेव्हा ती नववीत होती. घरात एकच फोन, आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात. शेजारची मुलगी कधीकधी गणितं वहीत उतरवून द्यायची. पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा सगळा वर्ग वेगळ्याच गावाला पोचलेला होता. वृषाली महिनाभर मागच्या बाकावर बसली, मग मागावर बसली. तिला कुणी नापास केलं नव्हतं. ती मागे राहिली होती, आणि मागे राहिलेल्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. आपल्या लेकीच्या वेळी आपण डोळ्यात तेल घालून बसायचं, हे तिने किमयाच्या जन्माआधीच ठरवून टाकलं होतं.

म्हणून ती बसे. रोज पाच वाजता माग सोडून, हात धुऊन, अंगठ्याला खोबरेल लावून किमयाच्या उजव्या अंगाला बसे. हात लावत नसे, उत्तर सांगत नसे. सांगणार तरी काय, तिला येत होतं कुठे! किमया एकेक सूचना लिही आणि वृषाली ओठ हलवत ती वाचे. पहिले महिने सगळं डोक्यावरून गेलं. पण पुढे कांदा साठवायच्या चाळीचा पाठ आला. चाळीत ओलावा वाढला तर पंखे लाव, अशी किमयाने ओळ लिहिली. त्याखाली दुसरी: पण बाहेर पाऊस असेल तर लावू नकोस. वृषालीने ती दोनदा वाचली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेरची हवाच ओली असेल तर पंखे ती आत ओढणार, कांदा जास्तच सडणार! तिच्या तोंडून आपसूक "हं" निघालं. त्या दिवशी स्वयंपाक करताना ती गुणगुणत होती. पंचविसाव्या वर्षी नव्हे, पंचेचाळिसाव्या वर्षी नव्हे, ऐन छत्तिसाव्या वर्षी आपल्याला यंत्राची भाषा कळू राहिली, असं तिने नितेशला दोनदा ऐकवलं. पिवळे ठिपके वाढायला लागले ते नेमके त्याच सुमाराला.

पालक-मार्गदर्शक म्हणून शाळेत शेख मॅडम होत्या. मऊ बोलणाऱ्या, पण मान हलवायची त्यांची पद्धत अशी की ऐकणाऱ्याचं धाबं दणाणावं. सोमवारी त्यांनी एकेचाळीस ठिपके पडद्यावर पसरून दाखवले आणि मान हलवली.

"ताई, ओळ बरोबर येते तिची. पण प्रत्येक ओळीनंतर अडते. यंत्राचं म्हणणं, हिला समजत नाही, आठवून आठवून लिहिते."

"घरात कोणी पाठ करून घेत नाही हो तिच्याकडून."

"बसता ना रोज?"

"एक दिवस चुकवत नाही."

"मग थोडं जास्त बसा. तासभर करा."

वृषालीने तासभर केलं. पुढच्या शनिवारी ठिपके त्रेसष्ट झाले.

त्यानंतर तिने काही करायचं बाकी ठेवलं नाही. रात्री बदाम भिजत घातले, सकाळी ते सोलून लेकीच्या तोंडात कोंबले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे उत्तम निघाले, उलट वृषालीलाच चष्मा लागला. किमयाचं खेळणं बंद केलं, दोन दिवसांनी आपणच कळवळून पुन्हा चालू केलं. आणि रोज पाचला ती जास्त जवळ सरकून, जास्त बारकाईने, पडद्यावरची नजर न हलवता बसू लागली. किमया तक्रार करत नसे. ओळ लिही, थांबे, मग पुढची लिही. थांबली की वृषालीला विचारावंसं वाटे, पण तोंडातून शब्द काढायचा नाही असं पत्रकात होतं, म्हणून तेवढ्या वेळात ती झालेली ओळ पुन्हा नीट वाचून समजून घेई. हातातल्या वेळाचं दुसरं करायचं काय!

महिनाअखेरीला एक तयार पैठणी घेऊन तिला प्रदर्शनासाठी तीन दिवस नाशिकला जावं लागलं. अंगठ्यासाठी नितेशला बसवलं. जाताना तिने त्याला दहा सूचना दिल्या. पहिली होती झोपायचं नाही, आणि दहावीही तीच होती.

ती परत आली त्याच दुपारी शाळेचा निरोप आला. 'किमया म्हेत्रे. गेल्या तीन दिवसांतली बोटं नकाशाशी जुळत नाहीत. काम दुसऱ्या व्यक्तीने केल्याचा संशय. तिन्ही दिवसांचा अभ्यास रद्द. शुक्रवारी पडताळणीसाठी नेहमीच्या पालकासह हजर राहावे. पडताळणीतही बोटं जुळली नाहीत तर विद्यार्थिनीची वापरगटात नोंद होईल.'

वृषालीने चप्पलही काढली नव्हती. ती तशीच नितेशसमोर जाऊन उभी राहिली.

"काय केलं तुम्ही?"

"मी? अंगठा ठेवला."

"लिहून दिलं तिला?"

"अगं, मला फोनचा गजर लावता येत नाही, अन् मी काय लिहून देऊ राहिलो!" नितेशला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला असावा. "झोप लागली होती मला. अंगठा काचेवर, डोकं भिंतीला. विचार तिला."

"मीच केलं," किमया म्हणाली.

वृषालीने त्या तीन दिवसांचं काम उघडून पाहिलं. एकही ठिपका नव्हता. पाच-पाच पाठ एका दमात संपवले होते. ओळीमागून ओळ, कुठे थांबणं नाही, अडखळणं नाही.

"तूच केलंस?"

"हो."

"मग माझ्यासमोर का अडतेस गं? मी बसले की काय होतं तुला?"

किमया फ्रॉकच्या घेराकडे बघत राहिली. वृषालीने पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात विचारलं, शेवटी जवळ घेऊन विचारलं. पोरगी ढिम्म. एवढंच दिसलं की तिला सांगता येण्यासारखं काहीतरी आहे आणि ते ती सांगणार नाही.

त्यावर वृषालीने स्वतःच उत्तर शोधलं, आणि ते फार वाईट होतं. माझी भीती वाटते हिला. बाप घोरत बसला तर पोरीची बोटं पळतात, आणि मी डोळे वटारून बसते म्हणून तिला काही सुचत नाही. पुढे जावी म्हणून वर्षभर जिच्या शेजारी बसले, तिला मीच मागे ओढत होते. तिने नितेशला हे सांगितलं तेव्हा तिला रडू आवरेना. नितेशने तिची समजूत काढली, पण "तू काही एवढी भयंकर दिसत नाहीस" यापलीकडे त्याला काही सुचलं नाही.

"शुक्रवारी तुम्हीच बसा," ती म्हणाली.

"नेहमीचा पालक म्हटलंय. नाव तुझं आहे तिथं."

तेही खरं होतं. आता वृषालीच्या हातात एकच गोष्ट उरली. शुक्रवारी अंगठा ठेवायचा, पण पडद्याकडे बघायचं नाही. वाचायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, ती जितकी नसेल तितकी पोर मोकळी राहील. मधल्या दोन दिवसांत तिच्याकडून मागावर एक इंचही धड विणलं गेलं नाही.

पडताळणीची खोली शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. एक टेबल, त्यावर पाटी, शेजारी दोन खुर्च्या. समोर शेख मॅडम आणि त्यांच्या पुढ्यात वेगळा पडदा, ज्यावर कुणाची बोटं चालली आहेत ते यंत्र सांगणार होतं.

"तीन कांदाचाळी आहेत, वीज मात्र एकाच चाळीच्या पंख्यांना पुरेल एवढी," मॅडमनी पाठ समजावला. "कुठल्या चाळीला कधी द्यायची ते लिहायचंय. चाळीस मिनिटं. सुरू कर बेटा."

किमयाने पहिली ओळ लिहिली. कळा टपटप वाजल्या आणि थांबल्या.

वृषाली ठरवल्याप्रमाणे पडद्याकडे बघत नव्हती. पण माणसाने कुठेतरी बघायलाच हवं. ती खाली बघत होती, लेकीच्या मांडीकडे.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. किमया पुढे लिहीना. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "जमतंय ना बेटा?" त्यांनी हळूच विचारलं. किमयाने मान डोलावली, पण हात कळांकडे गेला नाही. एवढं लांब थांबणं घरीसुद्धा कधी झालं नव्हतं. मॅडमच्या पडद्यावर पहिला ठिपका उमटला असणार, आणि तो पिवळा राहिला असेल का याचीही वृषालीला खात्री नव्हती. मी बघतसुद्धा नाही, तरी हिला भीती वाटते?

आणि तेव्हा तिला किमयाचा डावा हात दिसला. तो फ्रॉकच्या घेरावर होता. अंगठा आणि तर्जनी मिळून एक धागा वेचत होती. उचलला, बाजूला टाकला. पुन्हा उचलला. फ्रॉक नवा होता. त्यावर सुटा धागा एकही नव्हता.

वृषालीने ते पाहिलं आणि ओळखलं. कारण तो हात तिचा स्वतःचा होता. तिनेच शिकवलेला.

पैठणीचा रुंद पदर जोडीने विणतात. दोघं एकाच मागावर शेजारी बसतात. डावीकडचे मोर एकाचे, उजवीकडचे दुसऱ्याचे. आडव्या धाग्याची एक ओळ दोघांचीही पुरी झाली की मगच फणी ओढून ती ठोकायची. दोघांचे हात सारखे कधीच चालत नाहीत. जो आधी संपवेल त्याने थांबायचं. 'आटप' म्हणायचं नाही, दुसऱ्याच्या हातांकडे बघायचं नाही, उसासा टाकायचा नाही. मांडीवरचा एखादा धागा वेचत बसायचं, असला तर असला, नसला तर नसला, म्हणजे मागच्याला वाटतं की हाही कामातच आहे. घाई केलेला हात चूक विणतो आणि मग दोघांनाही उसवावं लागतं. मागे राहिलेल्याचं झालं की त्याने म्हणायचं, "ठोक." वृषालीच्या सासूने हे वृषालीला शिकवलं होतं, आणि मागच्या दिवाळीच्या सुट्टीत किमया हौसेने डाव्या बाजूला बसली तेव्हा वृषालीने किमयाला. त्या वेळी मागे राहायची ती किमया. वृषाली आपली ओळ संपवून मांडीवरचे नसलेले धागे वेचत बसायची, आणि तीन दिवसांनी किमयाने विचारलं होतं, "आई, तू माझ्यासाठी थांबतेस ना?" वृषाली हसली होती. "थांबते. पण ते सांगायचं नसतं."

किमया अडत नव्हती. अडली कधीच नव्हती. ती ओळ लिहायची आणि आईची वाचून होईपर्यंत थांबायची. आईच्या तोंडून "हं" निघालं की पुढे जायची. आई जसजशी खरंच समजून घ्यायला लागली, प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लागली, तसतशी किमया जास्त थांबत गेली, आणि यंत्र बापडं ते सगळं थांबणं पोरीच्या नावावर मांडत गेलं. आणि आज आईने वाचायचंच नाही असं ठरवलेलं. "हं" येणारच नव्हतं. किमया संध्याकाळपर्यंत धागे वेचत बसली असती.

वृषालीने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. एकच ओळ होती, पण लांबलचक. तीन चाळी, तीन ओलावे, वेळ, वीज, कंसात कंस. ती वाचायला तिला दहा मिनिटं लागली असती. समजायला कदाचित आठवडा. आणि तिला ती समजून घ्यायची होती, मनापासून घ्यायची होती. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी थांबलं होतं.

"ठोक," ती म्हणाली.

किमयाने चमकून तिच्याकडे पाहिलं. "झालं तुझं?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं झालं. ठोक."

"ताई, बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"उत्तर नाही सांगत, मॅडम. मला उत्तर येत नाही. एवढा एकच शब्द बोलू द्या."

कळा वाजू लागल्या. दुसरी ओळ संपताच वृषाली म्हणाली, "ठोक." तिसरी संपता संपता म्हणाली. पुढे पुढे किमयाची नजर पडद्यावरून हटेना, तिच्या दोन्ही हातांची बोटं कळांवरून उतरेनात, आणि वृषाली ओळीचा शेवटही न बघता नुसत्या आवाजावरून "ठोक, ठोक" म्हणत राहिली. चौथ्या ओळीनंतर तिला एक अक्षर कळत नव्हतं. पंखे कुठले, पाऊस कुठला, सगळं तिच्या हातून निसटून पुढे चाललं होतं. शाळेतल्या त्या मागच्या बाकावर वाटलं होतं अगदी तेच तिला वाटलं, फक्त या वेळी तिने स्वतः लगाम सोडला होता.

चोवीस मिनिटांत पाठ संपला.

शेख मॅडम आपल्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांची मान हलायची थांबली होती. त्यांनी पडदा वृषालीकडे वळवला. सुरुवातीच्या एका ओळीपुढे लिहिलं होतं: किमया म्हेत्रे. त्याखाली प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: अनोळखी.

वृषालीने तो शब्द पुन्हा वाचला. "म्हणजे बोटं जुळली नाहीत?"

"यंत्राला थांबणारी किमयाच ठाऊक आहे," मॅडम हळूहळू म्हणाल्या. "नकाशा गेल्या काही महिन्यांतल्या घरच्या बोटांवरून बनतो, त्यात ही दुसरी कुठेच नाही." मग त्यांनी विचारलं, "ताई, ते ठोक काय होतं?"

वृषालीने सांगितलं. मागाचं सांगितलं, धागा वेचण्याचं सांगितलं. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी नियमांचं पान उघडून बराच वेळ वाचलं आणि आपला अंगठा स्वतःच्या काचेवर टेकवला.

"समोर बसून मी पाहिलंय. बोटं हिचीच. एवढं लिहिण्याचा अधिकार अजून माणसाकडे ठेवलाय, नशीब. जुना नकाशा रद्द होईल, आजपासून नवा. सतरा दिवस आहेत, तेवढे पुरतात. अशीच चालली तर रचनागट." त्यांनी अंगठा उचलला. "नियमाने शेजारी मात्र तुम्हालाच बसावं लागेल."

"बसेन," वृषाली म्हणाली.

शाळेच्या फाटकाबाहेर ऊन होतं. किमया आईचं बोट धरून चालत होती, नेहमीच्या मानाने जरा हळूच. वृषालीच्या ते लक्षात आलं आणि तिने आपली पावलं उचलली.

"सांगितलं का नाहीस गं मला?"

"तूच म्हणालीस ना, सांगायचं नसतं."

"एवढे ठिपके पडू दिलेस?"

किमयाने खांदे उडवले. "तुला आवडायला लागलं होतं. कळलं की तू हं करायचीस." थोडं चालून गेल्यावर तिने मान वर करून विचारलं, "आई, आजचं कळलं ना तुला? तिन्ही चाळींचं?"

"कळलं की."

"खरंच?"

"अगं सोपं तर होतं," वृषाली म्हणाली, आणि तिचा हात आपसूक ओढणीवर गेला. अंगठा आणि तर्जनीने तिने तिथला एक धागा वेचला, बाजूला टाकला, आणि पुन्हा वेचला.

किमयाने तो हात पाहिला. ओढणीवर धागा नव्हता हेही पाहिलं. पण ती काही बोलली नाही, कारण सांगायचं नसतं हे तिला ठाऊक होतं.